निळ्या पट्टीचा कट्टा

फोन आला तेव्हा फौजदारबाई एक बूट घालून दुसरा शोधत होत्या.

"मॅडम, सभागृहातून बोलतोय," पलीकडून हवालदार म्हणाला. "सातांतला एक गेला."

"कोण गेला?"

"माणूस नाही हो. गावठी कट्टा."

दुसरा बूट पलंगाखाली सापडला. त्याची नाडी बाईंनी जीपमध्ये बांधली.

त्या संध्याकाळी पालिकेच्या सभागृहात 'हात मोकळे' मोहिमेच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. बेकायदा हत्यारं लोकांनी आपणहून आणून टाकावीत, नाव विचारणार नाही, गाव विचारणार नाही, असं वचन देऊन वाचनालयाच्या दारात एक लोखंडी पेटी ठेवली होती. तिच्यात सात हत्यारं जमली. शहराला आपण फार सज्जन आहोत असं वाटायला तेवढी पुरली.

मोहिमेच्या अध्यक्ष म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळं शहर त्यांना ताई म्हणायचं. फौजदारबाईंची तर ती सख्खी मोठी बहीण. आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकटीला वाढवलं, शिकवलं आणि वर्दीपर्यंत पोचवलं ते ताईंनी. दोघी अजून एकाच घरात राहायच्या. दोन वर्षांपूर्वी ताईंच्या शाळेतली एक मुलगी भावानं कपाटात चादरींखाली लपवलेल्या कट्ट्यानं गेली. चादर काढायला गेली होती, एवढाच तिचा गुन्हा. त्या दिवसापासून ताईंनी ही मोहीम अंगावर घेतली.

सभागृहात शिरताच डाव्या हाताला तीच पेटी मांडलेली होती. पूर्वी ती पालिकेची तक्रारपेटी होती. तिच्या चाव्या दोन, एक ठाण्यात आणि एक मोहिमेच्या अध्यक्षांकडे. मोहिमेसाठी तिची फट कापून थोडी मोठी केली होती, चपटं पिस्तूल सरकेल पण कोणाचा हात आत जाणार नाही इतपतच.

समोर काचेचं कपाट. आत पांढरा फळा. त्यावर प्रत्येक हत्यार तारेच्या दोन फासांत अडकवलेलं, एक फास नळीला आणि एक मुठीला घट्ट वळवलेला. सातव्या जागी फास जागच्या जागी होते, कट्टा तेवढा नव्हता. काच शाबूत होती आणि कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता.

"गेला तो कुठला?" बाईंनी विचारलं.

"पोस्टरवरचा," हवालदार म्हणाला.

तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. पाण्याच्या पाइपची गंजलेली नळी आणि खुर्चीच्या पायाची चांगली मनगटाएवढी जाड मूठ. मूठ निळ्या चिकटपट्टीनं गुंडाळलेली. पेटी पहिल्यांदा वार्ताहरांसमोर उघडली तेव्हा तिच्यात एकटा हाच निघाला होता. बाकीचे सहा त्याची बातमी छापून आल्यावर आले. 'हे तुमच्या घरात आहे का?' असं विचारत त्याचं चित्र चौकाचौकात लटकत होतं. शाळेच्या पथनाट्यासाठी सुतारानं लाकडी कट्टे केले तेही हाच नमुना समोर ठेवून, निळ्या पट्टीसकट.

"चोर अगदीच बिनडोक दिसतो," हवालदार म्हणाला. "शेजारी चांगलं कारखान्यातलं पिस्तूल आहे. ते सोडून भंगार नेलं."

बाईंनी रिकाम्या फासांकडे पाहिलं. सोनं सोडून पितळ नेणारा चोर बिनडोक तरी असतो, नाहीतर तो चोरच नसतो.

मोहिमेचे चिटणीस कडक इस्त्रीच्या शर्टात येरझारा घालत होते. "यात तपासासारखं आहे काय? कपाटाच्या चाव्या दोन. एक ताईंकडे, एक पहारेकऱ्याकडे. ताईंनी तर चोरला नसेल. त्या म्हाताऱ्याला आत घ्या, म्हणजे पाहुणे येण्याआधी विषय मिटेल."

पहारेकरी आबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

ताई खिडकीपाशी फोनवर होत्या. त्यांचा आवाज चढला होता. "मला न विचारता नाटकाची ट्रंक नेलीच कशी? नाट्यशिक्षिकांना फोनवर बोलवा. तालमीत असल्या म्हणून काय झालं? ट्रंक आत्ताच्या आत्ता परत पाठवा म्हणावं." फोन ठेवून त्या दाराकडे निघाल्या. "मी शाळेत जाऊन येते."

"कोणीही बाहेर जायचं नाही," बाई म्हणाल्या. "ताई, तूसुद्धा नाही. जबाब होऊ देत."

ताई थांबल्या. काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी नुसता चष्मा पुसला.

बाईंनी आबांना खुर्ची दिली. ते टोकावर बसले.

"आबा, रात्री झोपला होतात?"

"पहाटे डोळा लागला, साहेब. खोटं कशाला बोलू."

"चावी?"

"गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाही."

"सकाळी आधी कोण आलं?"

"ताई. नाटकाची ट्रंक घेऊन आल्या. मला म्हणाल्या, आबा, फुलांना पाणी आणा. मी बादली भरून आणली. मग शाळेचा टेम्पो आला. तालमीला हवी म्हणून ट्रंक घेऊन गेला."

"तोवर कपाटात सातही होते?"

"कपाटाकडे मी बघतच नाही. मला त्या वस्तूंची भीती वाटते." आबांनी गळ्यातली चावी काढून टेबलावर ठेवली. "साहेब, आत टाकायचं तर टाका. पण नातसून पोटुशी आहे. घराची झडती तेवढी घेऊ नका."

ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बाई जीपकडे निघाल्या. हवालदार मागोमाग आला. त्याला संध्याकाळच्या नाटकाची घाई होती, कारण त्याची मुलगी त्यात मुख्य भूमिका करत होती. तिचे संवाद आठवडाभरात ठाण्यातल्या सगळ्यांना पाठ झाले होते.

"मॅडम, आजच का चोरला असेल? इतके दिवस तो वाचनालयातच होता की."

"आज त्या पंपवाल्याला इथं आणणार होतो म्हणून."

पंपवाला म्हणजे पंप दुरुस्त करता करता कट्टे बनवणारा कारागीर. दोन दिवसांपूर्वी तो पकडला गेला होता. प्रदर्शनातली आपल्या हातची हत्यारं तो ओळखणार होता आणि मग ती कोणाला विकली ते त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं.

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"तुला आणि मला."

"मी तर बायकोलाही सांगितलं नाही."

"मीही कोणाला नाही. घरी जेवताना बोलले असेन, तेवढंच."

पंपवाला कोठडीत मांडी घालून बसला होता. बाईंनी मोबाइलवरचं चित्र त्याच्यापुढे धरलं.

"हा तुझा?"

"माझाच. मूठ बघा ना. पोस्टर लागलं तेव्हा बायकोला मुद्दाम चौकात नेऊन दाखवलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली की. पट्टी वाकडी बसलीय." तो हसला, मग बाईंचा चेहरा बघून आवरला. "खरं सांगू का मॅडम? तुमच्या पोस्टरनं माझा धंदा वाढवला. पोरं येऊन म्हणायची, तो पोस्टरवरचा द्या. मी जन्मात कधी जाहिरात केली नव्हती."

ते पोस्टर छापून आल्यावर पहिलं बाईंनीच ठाण्याच्या दारावर चिकटवलं होतं.

"हा कोणाला विकलास?"

"मी नाव विचारत नाही. तुमच्या पेटीसारखंच. नाव नको, गाव नको."

"काहीतरी आठवत असेल."

"गिऱ्हाईक नवखं होतं. तोंड झाकून आलं होतं. वर सवयीनं पावती मागितली. मी म्हटलं, याची पावती थेट वर मिळते. ते इतकं घाबरलं की पुढचं ऐकायला थांबलंच नाही."

"पुढचं काय?"

"आत एक आहे म्हणून."

"आत काही नव्हतं. आम्ही तपासलाय."

"उघडलात कसा?"

बाईंनी मोबाइल खाली घेतला.

"मुठीवरची पट्टी सोडली की खीळ दिसते," तो समजावून सांगू लागला. "खीळ काढली की नळी वाकते. पोस्टरवर पट्टी तर जशीच्या तशी आहे. म्हणजे तुम्ही उघडलाच नाही. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत देतो का? तसं मीही रिकामा देत नाही. एक काडतूस माझ्याकडून."

पेटी उघडली तो दिवस बाईंना आठवला. कॅमेरे लागले होते. त्यांनी नळी दोनदा वाकवून पाहिली, ती हलली नाही. ताई शेजारून म्हणाल्या होत्या, "अगं रिकामाच आहे तो. गंजून गेलाय." आणि बाईंनी 'रिकामे' असं लिहून खाली सही ठोकली होती.

परत येताना त्यांनी जीप स्वतः चालवली. हवालदाराला एवढंच सांगितलं की कट्टा भरलेला आहे.

सभागृहात येताच त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि रिकाम्या जागेवरचा मुठीचा फास फळ्यावरून सोडवून घेतला. तार कट्ट्याच्या मुठीभोवती घट्ट वळवलेली होती, तेव्हा फास अगदी मुठीच्या मापाचा होता. तो घेऊन त्या दाराजवळच्या पेटीपाशी गेल्या आणि फटीला लावला. फास आत जाईना. आडवा केला, तिरका केला, तरी जाईना.

"पेटीची ठाण्यातली चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, मॅडम. मोहरबंद पाकिटात. मोहर अजून फुटलेली नाही. का?" हवालदारानं फासाकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याचा चेहरा पडला. "तुम्हाला माझा संशय आला?"

"क्षणभर आला," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती.

त्या ताईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ताई, ट्रंक परत आली?"

"नाही. शाळेत कोणी फोन उचलत नाही."

"ताई, तो भरलेला आहे."

ताईंनी खिडकीची कड धरली. "रिकामा आहे तो," त्या पुटपुटल्या. "तूच तर लिहून दिलंस."

बाई वळल्या आणि पळत सुटल्या. हवालदार त्यांच्या पुढे होता.

शाळेच्या मोठ्या खोलीत बाकं भिंतीला सारून मुली गोल बसल्या होत्या. मधोमध स्टुलावर हवालदाराची मुलगी, नाटकातली दुकानदारीण. तिच्यासमोर एक उंच मुलगी काळा रुमाल बांधून गुंड झाली होती. तिच्या हातातला कट्टा स्टुलावरच्या मुलीच्या कपाळापासून वीतभर दूर होता.

"बोल, पोलिसांना काय सांगितलंस?" उंच मुलगी दरडावत होती.

हवालदारानं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या छातीवर हात आडवा धरला. ओरडलं तर मुलगी दचकेल, आणि दचकली तर बोट आवळेल.

"छान करतेयस," बाई दारातूनच म्हणाल्या. "आता तशीच थांब. बोट बाहेर काढ. शाब्बास. आता हात खिडकीकडे फिरव. हळू. आता खाली ठेव आणि मागे हो."

मुलीनं तसं केलं. मग नाराजीनं म्हणाली, "मॅडम, हा नवीन कट्टा नको मला. फार जड आहे. पहिल्यांदा घोडा दाबला तेव्हा नुसतं टक् झालं, आणि तेव्हापासून दबतच नाही. मी सारखी दाबतेय."

हवालदार दारातच खाली बसला.

बाईंनी कट्टा अंगणात नेला, नळी मातीच्या ढिगाकडे धरली, पट्टी फाडली आणि खीळ काढली. काडतूस तळहातावर पडलं. त्याच्या बुडाला बारीक खड्डा पडला होता. घोडा लागला होता. जुनी दारू तेवढी पेटली नव्हती.

उद्घाटनाची वेळ झाली तेव्हा रंगमंचामागच्या खोलीत पाच माणसं होती. ताई, चिटणीस, आबा, हवालदार आणि बाई. बाहेर खुर्च्या भरत होत्या.

"चोर सापडला का?" चिटणिसांनी विचारलं. त्यांचं लक्ष आबांकडे होतं.

"चोरी झालीच नव्हती," बाई म्हणाल्या. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. "चोराला हत्यार हवं असतं, तो चांगलं नेतो. इथं भंगार गेलं. म्हणजे नेणाऱ्याला हत्यार नको होतं. ते कोणाच्या तरी नजरेला पडायला नको होतं. पंपवाल्याच्या. आज तो येणार हे दोघांनाच माहीत होतं, हवालदाराला आणि मला. हवालदारानं घरी सांगितलं नाही. मी सांगितलं."

चिटणिसांनी आबांवरची नजर काढली.

"मुठीचा फास पेटीच्या फटीतून जात नाही. म्हणजे तो कट्टा कोणी टाकलाच नव्हता. कुलूप उघडून आत ठेवला होता. ठाण्यातल्या चावीची मोहर शाबूत आहे. दुसरी चावी एकाच माणसाकडे. पंपवाल्याला एक गिऱ्हाईक आठवतं, त्यानं सवयीनं पावती मागितली. साध्या खडूच्या पेटीचीही पावती मागणारं या शहरात कोण आहे, ते आपल्याला माहीत आहे. आणि पेटी उघडली त्या दिवशी माझ्या हातात न उघडणारा कट्टा रिकामा आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या बाईला कसं कळलं? हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण ती माझी बहीण होती."

ताईंनी मान हलवली. नाही म्हणण्यासाठी नव्हे.

"पेटी रिकामी होती," ताई म्हणाल्या. "वार्ताहर येणार होते. पहिलं कोणीच टाकत नाही गं. सगळे दुसऱ्याची वाट बघतात. म्हटलं, एक दिसला की बाकीचे येतील. दुधाला विरजण लागतं तसं. आणि आले की. सहा आले."

"आणि पोस्टर बघून पंपवाल्याकडे किती गेले, ते कोणालाच माहीत नाही."

ताईंना हे नवीन होतं. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"आज सकाळी काय केलंत?" हवालदारानं विचारलं. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला.

"तो काढून त्या जागी लाकडी लावणार होते. कोणाला कळलं नसतं, आणि पंपवाला म्हणाला असता, हा माझा नव्हे. तेवढ्यात आबा बादली घेऊन आले. मी घाबरून खरा ट्रंकेत टाकला. आणि टेम्पो आला."

"तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"लाज वाटली," ताई म्हणाल्या. "रिकामा आहे असं समजून चालले होते. मुलींच्या हातात रिकामा कट्टा परवडला, पण आपलं नाव खाली जायला नको, असा विचार केला मी. मुख्याध्यापिका आहे मी त्यांची." मग त्या आबांकडे वळल्या. "तुमच्याकडे बोट दाखवलं तेव्हाही गप्प बसले. आबा, मला माफ करा असं म्हणायचं तोंड नाही मला."

आबांनी जमिनीकडे पाहिलं. जणू लाज त्यांनाच वाटत होती.

बाहेर निवेदकानं ताईंचं नाव पुकारलं. चिटणीस घाईघाईनं म्हणाले, "तब्येत बिघडली म्हणून सांगतो. हे आतल्या आत—"

"नको," ताई म्हणाल्या आणि रंगमंचावर गेल्या. बाई त्यांच्यामागून गेल्या.

ताईंनी माइक खाली ओढला. "मी अशी बाई आहे की मला भाजीत किडका घेवडा ओळखता येत नाही. तरी मला या शहरात एका दुपारात कट्टा मिळाला. मी तो विकत घेतला."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सुरुवात फारच प्रभावी आहे असं लोकांना वाटलं.

ताई थांबल्या. टाळ्या ओसरू दिल्या.

"टाळ्या वाजवू नका. मी खरंच घेतला. पोस्टरवरचा तो. पेटीत मीच ठेवला. आज सकाळी तो भरलेला कट्टा माझ्या चुकीनं माझ्या शाळेतल्या मुलीच्या हातात गेला, आणि तिनं दुसरीच्या कपाळावर धरून घोडा दाबला. दोघी जिवंत आहेत, त्यात माझं काहीच नाही."

आता एवढी शांतता झाली की मागच्या रांगेतली खुर्ची करकरलेली पुढे ऐकू आली. एका आईनं उठून आपल्या मुलीला जवळ घेतलं. ताईंनी माइक बाजूला सरकवला.

बाईंनी तो हातात घेतला. त्यांना भाषणाची सवय नव्हती. "तो कट्टा रिकामा आहे असं लिहून सही मी केली होती," त्या म्हणाल्या. "न उघडता. उद्या माझी जागा दुसरा अधिकारी घेईल. त्याच्यासमोर माझाही जबाब होईल." मग त्यांनी माइक खाली ठेवला.

हवालदार पायऱ्या चढून वर आला. ताईंनी त्याला दहावीपर्यंत घरी बोलावून गणित शिकवलं होतं. रस्त्यात भेटल्या तर तो अजूनही सायकलवरून उतरायचा. कामाची हाक असो, निरोप असो, त्याचं वाक्य 'ताई' म्हटल्याशिवाय संपायचं नाही.

त्यानं त्यांच्या दंडाला हात लावला नाही. समोर उभा राहिला.

"चला," तो म्हणाला.

ताईंनी क्षणभर वाट पाहिली. मग खाली मान घालून त्या त्याच्यामागून पायऱ्या उतरल्या.